बँडचे दिवस फिरले तरी फॅन कसं राहायचं

आधी एक मान्य करून टाका, तुमचा बँड आता पहिल्यासारखा चालत नाही. रेडिओवर लागत नाही, रील्सवर कोणी वापरत नाही, चारचौघात नाव काढलं की "अजून आहेत का ते?" हे ठरलेलं. यावर वाद घालू नका, पटवून देत बसण्यात जेवढा वेळ जातो ना तेवढ्यात एक अख्खा अल्बम ऐकून होतो.

आता खरं काम. स्वतःला कट्टर फॅन म्हणवणारे बरेच जण ऐकतात तीच चार-पाच हिट गाणी, नवीन अल्बम आला की एकदा लावायचा, अर्ध्यात बंद करायचा आणि "आता ती मजा नाही राहिली" म्हणायचं. अरे पण ती जुनी गाणी तुम्ही शेकडो वेळा ऐकलीत, ती पण ऐन कॉलेजच्या वयात, नव्या गाण्याला तेवढा चान्स दिला कधी? तर नवा अल्बम निदान तीन-चारदा, वेगवेगळ्या दिवशी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. तरी नाही आवडला तर नाही आवडला, फॅन म्हणजे भाट नव्हे. बंडल अल्बमला बंडलच म्हणा, फक्त पूर्ण ऐकून म्हणा.

मग पैसे. इथे लोकांचा मोठा गैरसमज असतो की मी महिन्याचं सबस्क्रिप्शन भरतो, दिवसभर आपलाच बँड लावतो, म्हणजे माझे पैसे त्यांनाच जातात. तसं नसतं हो. मोठ्या अ‍ॅप्सवर सहसा सगळ्यांचे पैसे एकत्र जमा होतात आणि एकूण स्ट्रीम्समध्ये ज्याचा जेवढा वाटा त्याला तेवढे मिळतात, म्हणजे तुमच्या पैशातला मोठा हिस्सा तुम्ही कधी न ऐकलेल्या स्टार लोकांकडे जातो. त्यात स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय, मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम्स झाले नसतील तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच नाहीत. हिट गाण्यांना काही फरक पडत नाही, मार बसतो तो अल्बमच्या कोपऱ्यातल्या गाण्यांना, म्हणून ती मुद्दाम लावत जा. पण खरी मदत करायची तर थेट विकत घ्या. बँडकॅम्प, म्हणजे जिथे बँडकडून थेट गाणी आणि टीशर्ट विकत घेता येतात ती साइट, डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के ठेवते, टीशर्ट वगैरेवर १०, पेमेंटचा खर्च वेगळा, आणि २०२० पासून अधूनमधून जे बँडकॅम्प फ्रायडे येतात त्या दिवशी स्वतःचा वाटा सोडून देते. खरेदी त्या दिवसासाठी राखून ठेवा.

थोड्या फॅन्सनी काय होणार असं वाटत असेल तर मॅरिलियन हा ब्रिटिश रॉक बँड बघा. १९८५ मध्ये ब्रिटनच्या चार्टवर दोन नंबरला गाणं, १९८८ मध्ये गायक फिश बाहेर, मग प्रसिद्धी ओसरत गेली. १९९७ मध्ये अमेरिका टूरला पैसे नव्हते तर तिथल्या फॅन्सनी इंटरनेटवरून साधारण ६०,००० डॉलर गोळा केले, आणि पुढे २००१ च्या अल्बमचे १२,००० च्या वर लोकांनी रेकॉर्डिंगच्या आधीच पैसे भरले. लोकांकडून आधीच पैसे गोळा करायची साइट किकस्टार्टर आली २००९ मध्ये, बोला!

शो छोट्या हॉलमध्ये असेल तर नाक मुरडू नका, उलट आता पहिल्या रांगेत उभं राहता येतं, गिटारवाल्याची बोटं दिसतात. वेळेवर जा, आणि नवीन गाणं सुरू झालं की बाथरूमकडे पळू नका, स्टेजवरून ते स्पष्ट दिसतं. जुन्या हिटसाठी ओरडणं पण नको, ते वाजवणारच आहेत. मेंबर बदलले असतील तर "हा ओरिजिनल नाही" चा जप किती वर्षं चालवणार?

अजून एक, जपून ठेवा. जुने डेमो, लाइव्ह रेकॉर्डिंग, पोस्टर, तिकिटांचे फोटो, सगळ्याचा बॅकअप घ्या, कारण कुठलीतरी साइट सांभाळेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. मायस्पेस या जुन्या सोशल साइटवर २०१५ पर्यंत अपलोड झालेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, कोट्यवधी गाणी, २०१९ मध्ये जगाला कळलं. त्यात असे किती बँड असतील ज्यांची दुसरी कॉपीच कुठे नव्हती.

आणि कधी अचानक नशीब फिरलं तर? होतं असं. केट बुश बँड नाही, सोलो आहे, पण तिचं १९८५ चं गाणं एका वेब सिरीजमुळे २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. तुमच्या बँडच्या बाबतीत असं झालं आणि नवी पोरं आली की "तुम्ही काल आलात, आम्ही तेव्हापासून" हे सुरू करू नका प्लीज. "बेसिस्टचं नाव सांग" म्हणून त्यांची परीक्षा घेऊ नका, सगळ्या अल्बमची यादी अंगावर टाकू नका. एकच अल्बम सांगा, शक्यतो हिट गाणं नसलेला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी "कसा वाटला" म्हणून मागे लागू नका, आठवडाभर तरी जाऊ द्या.