क्रीमी स्टेक पास्ता: आधी मांस, मग त्याच पॅनमध्ये सॉस

या पदार्थाची खरी चव क्रीममध्ये नसते. स्टेक भाजल्यावर पॅनच्या तळाला जो तपकिरी थर धरतो, त्यात ती असते. म्हणून सॉस त्याच पॅनमध्ये करायचा. पॅन बिडाचं किंवा जाड बुडाचं स्टीलचं घ्या. नॉनस्टिकवर हा थर नीट धरत नाही.

दोघांसाठी अडीच सेंटिमीटर जाडीचे रिबआय किंवा सरलॉइन (बीफचे मऊ भाग) स्टेक (एकूण 400 ग्रॅम), पेने किंवा फेतुचिने पास्ता 180 ग्रॅम, किमान 30 टक्के स्निग्धांशाचं क्रीम 200 मिली, पार्मेझान चीज 50 ग्रॅम, स्टॉक (मांस किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) 100 मिली, लोणी 20 ग्रॅम, एक लहान कांदा आणि लसणाच्या चार पाकळ्या लागतील.

स्टेकला मीठ एकतर 40 मिनिटं आधी लावा, नाहीतर अगदी पॅनमध्ये टाकताना. मधल्या वेळेत मिठाने सुटलेलं पाणी वरच राहतं आणि मांस भाजण्याऐवजी वाफवलं जातं. काहीही झालं तरी टाकण्यापूर्वी कागदी रुमालाने दोन्ही बाजू कोरड्या टिपून घ्या. बेचव, करड्या स्टेकचं पहिलं कारण ओलावाच.

दुसऱ्या शेगडीवर दोन लिटर पाणी 20 ग्रॅम मीठ घालून उकळत ठेवा. पॅनमध्ये चमचाभर तेल हलका धूर येईपर्यंत तापवा, स्टेक ठेवा आणि तीन मिनिटं हलवू नका. खालची बाजू खरपूस झाली की तो आपसूक सुटतो. चिकटलेला असेल तर अजून वेळ आहे. उलटून दोन मिनिटांनी लोणी आणि ठेचलेल्या दोन पाकळ्या टाका, वितळलेलं लोणी चमच्याने वर सोडत राहा. लसूण आधी घातला तर जळून कडू होतो.

घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विसंबा. मीडियम रेअरसाठी (आतून लालसर) मध्यभागी 52 अंश सेल्सिअसला उतरवा, मीडियमसाठी (आतून गुलाबी) 57 ला; उतरवल्यावरही तापमान तीनेक अंश चढतं. लहान मुलं, वृद्ध किंवा गरोदर स्त्री जेवायला असेल तर 63 अंशांपर्यंत शिजवा. मग आठ ते दहा मिनिटं ताटात मुरू द्या. लगेच कापलात तर रस वाहून जातो.

स्टेक मुरतोय तोवर पास्ता उकळायला टाका, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी. गाळण्याआधी कपभर पाणी काढून ठेवायला विसरू नका.

पॅनमधलं जास्तीचं तेल-लोणी आणि लसूण काढा. तळ तपकिरी असेल तर उत्तम, काळा पडला असेल तर पुसून टाका. तो कडूपणा क्रीमने झाकला जात नाही. मंद आचेवर बारीक चिरलेला कांदा तीन मिनिटं परता, उरलेला लसूण अर्धा मिनिट. स्टॉक ओतून लाकडी उलथण्याने तळ खरवडा. स्टॉक निम्मा आटला की क्रीम घाला आणि तीन-चार मिनिटं बारीक उकळी ठेवा. कमी स्निग्धांशाचं क्रीम इथेच फुटतं.

आता पास्ता आणि अर्धा कप पास्त्याचं पाणी घालून मिनिटभर हलवा. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे सॉस पास्त्याला चिकटतो. गॅस बंद करा, आणि मगच ताजं किसलेलं पार्मेझान थोडं थोडं मिसळा. उकळत्या सॉसमध्ये चीजमधली प्रथिनं आकसून रबरासारख्या गुठळ्या होतात. पाकिटातल्या किसलेल्या चीजला मोकळं ठेवण्यासाठी पावडर लावलेली असते, त्यामुळे तेही नीट विरघळत नाही. मीठ सर्वात शेवटी चाखून घाला, कारण चीज, स्टॉक आणि पाणी तिन्ही खारट आहेत.

ताटात जमलेला रस सॉसमध्ये ओता. मांसाचे धागे ज्या दिशेला जातात त्याला आडवे, अर्ध्या सेंटिमीटरचे काप करा. धाग्यांच्या दिशेने कापलं तर चांगला स्टेकही चिवट लागतो. काप सॉसमध्ये ढवळू नका, ते आणखी शिजतील. पास्त्यावर मांडा, वर भरपूर मिरी कुटून घाला आणि लगेच वाढा. वाढेपर्यंत सॉस घट्ट झालाच, तर पास्त्याचं उरलेलं पाणी चमचा-चमचा घालून सैल करा.