थिसिसचा पहिला पेशंट घेण्याआधी

थिसिस जमा करायची तारीख दोन आठवड्यांवर आली की माझ्यासारख्या स्टॅटिस्टिशियनच्या टेबलासमोर रेसिडेंट डॉक्टर मुलं येऊन उभी राहतात. पेन ड्राइव्हमध्ये मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या नोंदींचा तक्ता, आणि तोंडी एकच प्रश्न, "मॅडम, यात कुठली टेस्ट लावायची?" इमर्जन्सीची रात्र काढून आलेली असतात, त्यांना परत पाठवणं जिवावर येतं. पण त्या वेळी माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. कुठली टेस्ट (आकड्यांमधला फरक तपासायची संख्याशास्त्रीय कसोटी) चालेल हे प्रोफॉर्मा, म्हणजे प्रत्येक पेशंटची माहिती भरायचा फॉर्म, छापला तेव्हाच ठरून गेलेलं असतं, कुणी मुद्दाम ठरवलेलं नसलं तरी. म्हणून ही तयारी सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) एथिक्स कमिटीकडे जायच्या आधीची आहे. एक संध्याकाळ काढा, गाईडना सोबत घ्या.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. "अमुक आजाराचा अभ्यास" हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. कोणते पेशंट, कशाची तुलना कशाशी, काय मोजणार आणि किती दिवसांनी, हे सगळं त्या वाक्यात यायला हवं. मी १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने प्रसिद्ध केलेली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी मुलांसमोर ठेवते. दोन्ही फुप्फुसांत पसरलेल्या क्षयाचे १०७ रुग्ण. ५२ जणांना नुसती अंथरुणातली विश्रांती, ५५ जणांना विश्रांती आणि स्ट्रेप्टोमायसिन. सहा महिन्यांनी एक्स-रेमध्ये किती सुधारणा आणि मृत्यू किती. प्रश्न एवढा स्वच्छ असला की टेस्ट शोधत फिरावं लागत नाही. गट दोन, माणसं वेगवेगळी, मृत्यू झाला की नाही एवढंच नोंदवायचं: काय-स्क्वेअर, म्हणजे गटांतल्या प्रमाणांची तुलना करणारी टेस्ट.

मग मुख्य मोजमाप कुठल्या प्रकारचं आहे ते ठरवा. हिमोग्लोबिनसारखा आकडा, सौम्य-मध्यम-तीव्र अशी चढती पायरी, नुसतं हो-नाही, की एखादी घटना घडेपर्यंतचा काळ? आकडा मिळत असेल तर आकडाच लिहा. प्रोफॉर्म्यात "मॉडरेट अ‍ॅनिमिया"वर टिक करून ठेवली तर त्यातून ९.८ पुन्हा कधीच मिळत नाही, ९.८ लिहिलं असेल तर गट केव्हाही पाडता येतात.

आता सगळ्यात जास्त थिसिस जिथे अडकतात ती जागा. तुलना होते ती माणसं तीच आहेत की वेगळी? लोहाच्या गोळ्यांआधी आणि तीन महिन्यांनंतर त्याच बायकांचं हिमोग्लोबिन मोजलं तर ती जोडी आहे आणि पेअर्ड (जोडीतल्या सरासरी बदलाची) टी-टेस्टच लागते, कारण आपल्याला प्रत्येकीच्या स्वतःच्या बदलात रस आहे. तिथे दोन वेगळ्या गटांची साधी टी-टेस्ट लावली की बाई-बाईमधला फरक मध्ये येतो आणि खराखुरा बदल त्यात बुडून जातो. हो-नाहीची आधी-नंतर नोंद असेल तर काय-स्क्वेअर नाही, मॅकनेमार टेस्ट. आणि नेत्रविभागातल्यांनो, ६० पेशंटचे १२० डोळे म्हणजे १२० स्वतंत्र नोंदी नव्हेत. एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांसारखे वागतात. एक डोळा घ्या, नाहीतर ही जोडी लक्षात घेणारी पद्धत आधीच विचारून ठेवा. हे नंतर दुरुस्त करताना अख्खा रिझल्टचा चॅप्टर पुन्हा लिहावा लागलेला मी पाहिला आहे.

एवढं ठरलं की बाकीचं भराभर होतं. दोन वेगळ्या गटांचे आकडे असतील तर टी-टेस्ट, तीन किंवा जास्त गट असतील तर अनोव्हा. आकडे एका बाजूला ओढलेले (बहुतेक लहान, मोजके खूप मोठे) किंवा मोजमाप पायरीचं असेल तर दोन गटांना मान-व्हिटनी, जास्त गटांना क्रुस्कल-वॉलिस, जोडीला विल्कॉक्सन. हो-नाहीला काय-स्क्वेअर, पण दोन बाय दोनच्या टेबलात एखाद्या चौकटीतली अपेक्षित संख्या पाचाखाली गेली तर फिशर्स एक्झॅक्ट. अपेक्षित, म्हणजे गटांत फरक नसता तर आली असती ती, प्रत्यक्ष मोजलेली नव्हे; व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) इथे बरेच जण घसरतात. मृत्यूपर्यंतचा किंवा आजार उलटेपर्यंतचा काळ असेल तर कपलान-मायरचा आलेख आणि गटांच्या तुलनेला लॉग-रँक टेस्ट. दोन यंत्रं सारखं वाचतात का हे बघायचं असेल तर कोरिलेशन (दोन आकडे किती सोबत वरखाली होतात ते) काढू नका. एक यंत्र कायम दोन ग्रॅम जास्त दाखवत असलं तरी कोरिलेशन पूर्ण १ येईल. त्यासाठी दोन यंत्रांतला फरक थेट बघणारी ब्लँड आणि ऑल्टमन यांची १९८६ सालची पद्धत आहे.

आकडे ओढलेले आहेत का, हे कळायला आधी हिस्टोग्राम (कुठला आकडा किती जणांचा याचा स्तंभालेख) काढून डोळ्यांनी बघा. वॉर्डात राहिलेले दिवस सरासरी ८ आणि एसडी (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) ९ असेल तर चित्र न काढताही कळतं, कारण सरासरीतून एक एसडी वजा केली की उणे एक येतं, आणि कुणी उणे एक दिवस ॲडमिट राहत नाही. अशा ठिकाणी मीडियन (ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या.

सॅम्पल साइज "सिनियरनी ५० घेतले होते" म्हणून ५० घेऊ नका. वैद्यकीयदृष्ट्या किती फरक महत्त्वाचा हे तुम्ही आणि गाईडनी ठरवायचं असतं, संगणकाने नाही. रक्तदाबात ५ मिलिमीटरचा फरक पकडायचा, एसडी १०, पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडायची शक्यता) ८० टक्के, सिग्निफिकन्सची पातळी (फरक नसताना चुकून "आहे" म्हणायची शक्यता) ५ टक्के, तर प्रत्येक गटात साधारण ६३ लागतात. गळणारे पेशंट त्यावर धरा.

मुख्य परिणाम एकच ठेवा आणि तो आधी लिहून ठेवा. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत) नोंद पहिल्या पेशंटआधीच हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंद तिथे घेत नाहीत. मुख्य परिणाम एकच का? कुठेच खरा फरक नसताना ५ टक्क्यांच्या पातळीवर वीस स्वतंत्र टेस्ट केल्या तर निदान एक "सिग्निफिकंट" निघायची शक्यता ६४ टक्के असते. १९८८ च्या इसिस-२ चाचणीत हार्ट अटॅकच्या १७,१८७ रुग्णांमध्ये ॲस्पिरिनचा फायदा स्पष्ट दिसला होता. संशोधकांनी उपगटांचा धोका दाखवण्यासाठी मुद्दाम राशीनुसार वाटणी केली, तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने किंचित अपायच होतो असं निघालं! तुमच्या मास्टर चार्टमध्ये असे मिथुन-तूळ पुष्कळ दडलेले असतात.

चार्टबद्दल थोडक्यात. एका ओळीत एक पेशंट. रकान्यात फक्त आकडा, "१०.२ ग्रॅम" असं नको. माहिती नसेल तर जागा रिकामी. शून्य भरलंत तर ते शून्यच मोजलं जाईल. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

निकाल वाचायची तयारीही आत्ताच करा. स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत सहा महिन्यांत औषधाच्या गटात ५५ पैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीच्या गटात ५२ पैकी १४. काय-स्क्वेअर साधारण ७.४, पी ०.००७. याचा अर्थ, औषधाने काहीच फरक पडत नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने हजारात सातेक वेळा दिसला असता. "औषध निरुपयोगी असण्याची शक्यता ०.७ टक्के" असा तो अर्थ नाही. पी सांगून थांबूही नका. मृत्यूंचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर, म्हणजे शंभरामागे जवळजवळ २० ने खाली आलं, म्हणजे पाचेक रुग्णांना औषध दिलं की एक जीव वाचला. घरच्यांना सांगण्यासारखी गोष्ट ही आहे. शिवाय या फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण ज्या टप्प्यात असावा तो) शंभरामागे साधारण ६ ते ३४, म्हणजे फायदा नक्की केवढा याबद्दल अजून बरीच मोकळीक आहे. पी ०.०५ च्या वर गेला तर "फरक नाही" असं लिहू नका. "फरक दिसला नाही" लिहा आणि इंटरव्हल द्या. तीस पेशंटमध्ये फरक न दिसणं यात नवल काही नसतं.

स्टॅटिस्टिशियनकडे येताना तो एका वाक्यातला प्रश्न, कोरा प्रोफॉर्मा आणि काल्पनिक पाच पेशंट भरलेला चार्ट आणा. त्या पाच ओळींवरून काय चुकतंय ते अर्ध्या तासात दिसतं, आणि त्या दिवशी प्रोफॉर्म्यातला रकाना बदलायला फक्त पेन लागतं.