शेख आडनाव, मराठी विषय: आठवीचा वर्ग कसा जिंकायचा

बीडकडच्या गावात शेख बाई मराठी शिकवायला आल्या की आधी शिक्षकखोलीत भुवया चढतात. मग मागच्या बाकावरून येतं, "बाई, उर्दू शाळा तिकडंय." हे वाट्याला आलं तर व्याख्यान झाडू नका. "हो, स्टँडच्या मागं आहे. आता वही काढ." बास. पोर बोलतं ते बहुतेकदा घरात ऐकलेलं असतं.

श्रीगोंद्याचे मुसलमान संतकवी शेख महंमद यांचे अभंग पहिल्या आठवड्यात तर काढूच नका. कुणी न मागता दिलेला दाखला विनवणीसारखा वाटतो. तुकोबांबरोबर त्यांचीही पाळी येईलच.

आधी वर्गाचा म्होरक्या हेरा. आमच्याकडं तो बहुधा ऊसतोड्याचा पोरगा. दसरा-दिवाळीला टोळीबरोबर जातो, उन्हाळ्याच्या तोंडाला येतो. वाचन मागं पडलेलं, आणि 'वाच' म्हणायच्या आत तो दंगा उभा करतो. त्याला चारचौघांत वाचायला उठवू नका. ऊसतोडीतले शब्द त्याला सांगू द्या, फळ्यावर तुम्ही लिहा: फड, मोळी, वाढं, पाचट, मुकादम, उचल. ठाऊक नसेल ते खरंच विचारा. हे शब्द घालून बाकीच्यांनी उतारा लिहायचा आणि चुका यानं काढायच्या. (बागायतदारांची पोरं यात हमखास आपटतात.) दुसऱ्या दिवशी फळ्यावरचे तेवढेच शब्द त्याच्याकडून वाचून घ्या, तेही सुट्टीत, एकट्याकडून.

"दोन ठेवून द्या" हा सल्ला मिळेलच. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17नं मारही बंद केलाय आणि मानसिक त्रासही. शिवाय तुमच्या हातची छडी गावात वेगळ्याच नावानं सांगितली जाते.

टोळी निघायच्या आधी त्याच्या घरी जा. हंगामी वसतिगृहाच्या (आईबाप तोडीला गेले की पोरांना गावातच ठेवायची सोय) यादीत नाव घालायचंय, पोरगं मागं ठेवा, एवढंच बोला. पाणी पुढं आलं नाही तर मागून प्या. पालकसभेत आईबाप तुमच्याशी कसं बोलतात ते इथं ठरतं.

पोरांपेक्षा शिक्षकखोली अवघड. "तुमच्यात असं चालतं का हो?" यावर मी विचारते, "आमच्यात म्हणजे आठवी ब मध्ये?" हसून सोडण्यासारखं असेल तर सोडा. पण आडनावावरून तास किंवा वर्ग काढून घेतला तर तोंडी भांडू नका. मुख्याध्यापकांना तारखेसह लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.