नदीची लांबी मोजायला दोरा नको, कागदाची पट्टी घ्या

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात वळणावळणाची नदी किंवा घाटरस्ता नकाशावर मोजायचा म्हणजे डोकेदुखी. दोरा घसरतो, ताणला जातो, आणि दोनदा मोजलं तर दोन उत्तरं येतात.

१. कोऱ्या कागदाची सरळ कडेची पट्टी कापा. कडेवर सुरुवातीची खूण करा, ती नदीच्या आरंभावर ठेवा.
२. नदी पट्टीची कड सोडून वळते तिथे पट्टीवर खूण करा. पेन्सिलचं टोक तिथेच दाबून धरा आणि पट्टी पुढच्या तुकड्याच्या दिशेने फिरवा. सगळी गंमत या फिरवण्यात आहे. वळण गोल असेल तर तुकडे छोटे घ्या; आळस केला की लांबी हमखास कमी भरते.
३. शेवटची खूण झाली की पट्टी थेट नकाशाच्या रेषाप्रमाणावर (नकाशावर छापलेली, किलोमीटरच्या खुणा असलेली रेषा) ठेवून किलोमीटर वाचा.

रेषाप्रमाण नसेल तर सेंटीमीटर मोजा. १:५०,००० अंकप्रमाणावर (नकाशावरचा १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंमी) २ सेंमी म्हणजे १ किमी.

मात्र नकाशा झेरॉक्सवर लहान-मोठा केलेला असेल तर छापलेल्या अंकप्रमाणावर विसंबू नका. रेषाप्रमाण नकाशाबरोबरच लहान-मोठं होतं, अंकप्रमाणाचा आकडा तसाच राहतो.