सातारा ते न्यूयॉर्क: आईला एकटीला पाठवण्याआधी

आईला एकटीला अमेरिकेला पाठवायचं ठरलं की पहिल्यांदा तिकिटावरची तारीख नीट वाचा. 12 तारखेला रात्री दीडचं विमान म्हणजे घरातून निघायचं 11 ला दुपारी. आमच्याकडे चौघांनी तिकीट पाहिलं आणि चौघांनीही गाडी 12 च्या दुपारची सांगितली. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर 11 च्या चौकटीत लाल पेनाने लिहिलं, ‘आई, दुपारी 2’.

मग तास मोजा. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ताशी 900 च्या वेगाने हिशेब चौदा तासांचा होतो, पण जाताना वारा समोरून असतो, शिवाय मार्गही वळसा घेतो, म्हणून थेट विमानाला साडेपंधरा-सोळा तास धरा. येताना तोच वारा पाठीशी असल्याने तास-दीड तास वाचतो. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला पोचल्यासारखं दिसतं आणि घरचे म्हणतात, सहाच तास! साताऱ्याहून दुपारी दोनला निघालेली आई तिथल्या घराच्या दारात पोचेपर्यंत एकोणतीस तास होतात. तयारी या एकोणतीस तासांची करायची आहे. घाटात गाड्या तुंबल्या तरी विमानतळावर तीन तास आधी पोचता येईल, एवढी सवड ठेवा.

सगळ्यात जास्त काळजी गोळ्यांची घ्या. आईची बीपीची गोळी सकाळी आठची, पण प्रवासात सकाळचे आठ कुठले धरायचे? डॉक्टरांना आधीच विचारा आणि पाकिटावर भारतीय वेळेनेच लिहून द्या. इन्सुलिन असेल तर हे विचारल्याशिवाय निघूच नका. औषधं, चिठ्ठी आणि चष्मा हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. दर दोन तासांनी उठून चालायला सांगा, पाय सुजतात.

व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवा. आई चालती-फिरती असली तरी मागा, कारण लांबलचक रांगेत ती एकटी असणार आहे. पॉवर बँक हातातल्या सामानात. लोणचं मोठ्या बॅगेत घट्ट बांधून. सुकं खोबरं नकोच, तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. खाण्याचं जे काही नेत असेल ते तिथे विचारल्यावर सरळ सांगायचं, हे तिच्याकडून दोनदा वदवून घ्या.

पुढे देशांतर्गत विमान असेल तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर बॅगा स्वतः घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तेव्हा मध्ये किमान तीन तास हवेत.

शेवटी पर्समध्ये एक जाड कागद. त्यावर मुलाचा पत्ता आणि फोन इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. मागच्या बाजूला आपला नंबर, +91 सकट.