प्लेट निळी झाली, पण कुणामुळे?

आयएल-६ (पेशींमध्ये निरोप नेणारं, दाहाशी जोडलेलं प्रथिन) किती आहे ते एलायझा या अँटीबॉडीच्या चाचणीत कळतं. पण त्याने पेशीत काही घडतंय का, हे बघायचं तर रिपोर्टर पेशी, म्हणजे निरोप मिळाला की रंगाने कळवणाऱ्या पेशी, लागतात. मी एचईके-२९३ या मानवी पेशींवर बनवलेली लाइन वापरते. तिच्यात जीपी-१३०, म्हणजे आयएल-६ चा निरोप आत पोचवणारं प्रथिन, मुळातच असतं. मानवी आयएल-६ रिसेप्टर आणि स्टॅट-३ (तो निरोप जनुकांपर्यंत नेणारं प्रथिन) मुळे चालू होणारं सीपचं जनुक बाहेरून घातलेलं. सीप हे फॉस्फटेज जातीचं एन्झाइम पेशीबाहेर मीडियात येतं, त्यामुळे पेशी फोडाव्या लागत नाहीत.

पेशी उठवताना ट्रिप्सिन नको, रिसेप्टर कापले जातात. कोमट पीबीएस (क्षारांचं द्रावण) घाला, दोन-चार मिनिटांनी फ्लास्कला टिचक्या मारा. एचईके लगेच सुटतात. पेशींच्या मीडियातलं सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं हवं, नाहीतर त्यातलंच फॉस्फटेज रंग आणतं. ९६ वेलच्या प्लेटमध्ये २० मायक्रोलिटर नमुना, त्यावर १८० मायक्रोलिटरमध्ये ५० हजार पेशी. कडेच्या वेलमध्ये नुसतं पीबीएस, तिथलं पाणी उडतं. दुसऱ्या दिवशी वरचा मीडिया २० मायक्रोलिटर घेऊन १८० मायक्रोलिटर सबस्ट्रेटमध्ये (फॉस्फटेजने रंग बदलणारं द्रव्य) टाका, ३७ अंशांवर ठेवा आणि अर्ध्या तासापासून बघत राहा. गुलाबीचा निळा झाला की ६२० ते ६५५ नॅनोमीटरमध्ये रीडिंग.

इथे नवी मुलं प्लेटचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. थांबा. बेल वाजली एवढंच कळलंय, दारात कोण आहे ते नाही. स्टॅट-३ ला आयएल-१०, इंटरफेरॉन, ऑन्कोस्टॅटिन-एम असे बरेच जण जागं करतात. त्यांचे रिसेप्टर पेशीवर असले की झालं.

म्हणून प्रत्येक नमुन्याच्या जोडीला टोसिलिझुमॅब (आयएल-६ रिसेप्टर अडवणारी अँटीबॉडी) घातलेले वेल लावा. अँटीबॉडी पेशींना अर्धा तास आधी द्या. रंग गेला तर आयएल-६. राहिला तर रुक्सोलिटिनिब घालून बघा, ते स्टॅट-३ ला चालू करणारी जॅक-१ आणि जॅक-२ ही एन्झाइम अडवतं. त्यानेही गेला नाही, तर रंग बहुधा नमुन्यातूनच येतोय. सीप मुळात मानवी प्लॅसेंटल फॉस्फटेजवरून बनवलेलं आहे आणि गरोदर बाईच्या सीरममध्ये ते फॉस्फटेज असतंच. ते उष्णतेलाही दाद देत नाही, तेव्हा तापवून सुटका नाही. नमुना पेशींशिवायही एका वेलमध्ये ठेवा.

सीपचं जनुक असलेली पण रिसेप्टर नसलेली मूळ लाइन कंट्रोल म्हणून ठेवायची पद्धत आहे. रक्ताच्या नमुन्यांसाठी माझा तिच्यावर भरवसा नाही: सीरममध्ये विरघळलेला आयएल-६ रिसेप्टर असतो, तो आयएल-६ घेऊन थेट जीपी-१३० ला लागतो आणि मूळ लाइनही निळी होऊ शकते. टोसिलिझुमॅब हा विरघळलेला रिसेप्टरही अडवतं.

रंग अजिबात आला नाही तर त्याच नमुन्यात माहीत असलेलं आयएल-६ मिसळून परत लावा. तरी कोरडंच, तर नमुना पेशी मारतोय किंवा आयएल-६ चा निरोप अडवतोय. आणि उंदराच्या नमुन्यासाठी ही लाइन काढूच नका. मानवी आयएल-६ उंदराच्या पेशींवर चालतं, पण उंदराचं मानवी पेशींवर चालत नाही.