पोअर-ओव्हर: दळण जमलं की निम्मं काम झालं

घरी पोअर-ओव्हर, म्हणजे फिल्टरमधल्या कॉफीवर हाताने गरम पाणी ओतून केलेली कॉफी, करताना लोक आधी ड्रिपर (फिल्टर बसवायचं भांडं) आणि किटलीवर खर्च करतात. खरा खर्च ग्राइंडरवर करावा आणि उरलेल्या पैशात ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घ्यावा. चमच्याने मापलेली कॉफी फसवते. हलक्या भाजणीचे दाणे भरीव असतात, गडद भाजलेले फुगून हलके होतात, त्यामुळे एकाच चमच्यात वजन वेगवेगळं भरतं.

एका मोठ्या कपासाठी १५ ग्रॅम कॉफी आणि २५० ग्रॅम पाणी घ्या. भुकटी स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून कपात २२० मिलीच्या आसपास उतरेल. खालचं माप व्ही६० सारख्या शंकूच्या आकाराच्या ड्रिपरचं आहे.

दळण स्वयंपाकाच्या मिठापेक्षा किंचित भरड हवं. पात्याच्या मिक्सरमध्ये दळलं की धूळ आणि खडे दोन्ही एकदमच मिळतात: धुळीतून कडवटपणा उतरतो, खड्यांच्या पोटापर्यंत पाणी पोचतच नाही, आणि वर फिल्टरही तुंबतो. बर ग्राइंडर (पात्यांऐवजी दोन दातेरी भागांमध्ये दाणे भरडणारा), मग तो हाताने फिरवायचा का असेना, हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवतो. दळायचं ते मात्र करायच्या वेळीच.

कागदी फिल्टरची शिवण दुमडून तो ड्रिपरमध्ये बसवा आणि गरम पाण्याने पूर्ण भिजवा. कागदाचा वास जातो, ड्रिपरही तापतो. खालच्या भांड्यात जमलेलं ते पाणी फेकायचं आहे, हे हमखास विसरलं जातं! मग कॉफी घाला, ड्रिपर हलकेच हलवून थर सपाट करा, काटा शून्यावर आणा.

घड्याळ सुरू करून ४५ ग्रॅम पाणी ओता आणि ड्रिपर गोल फिरवून सगळी भुकटी ओली करा. कुठे कोरडी गुठळी राहिली तर ती शेवटपर्यंत कोरडीच राहू शकते. ४५ सेकंद थांबा. थर फुगतो, बुडबुडे येतात: भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. तो आधी निघाला नाही तर पाण्याला आत शिरू देत नाही. अजिबात बुडबुडे आले नाहीत तर कॉफी बहुधा जुनी आहे.

आता बारीक धारेने, मध्यापासून बाहेर आणि परत मध्याकडे गोल फिरवत, सव्वा मिनिटापर्यंत काटा १५० वर आणा. थोडं थांबून पावणेदोन-दोन मिनिटांपर्यंत २५० करा. धार कागदाच्या कडेवर नको. तिथलं पाणी कॉफीला न भेटताच खाली सटकतं. फार उंचावरूनही नको, थरात खड्डा पडतो. शेवटी एकदा हलकं गोल फिरवा. तीन मिनिटांच्या आसपास पाणी उतरून थर सपाट दिसला पाहिजे. एका बाजूला खड्डा असेल तर धार तिथेच जास्त पडली.

चव आंबट आणि पाणचट लागली तर पुढच्या वेळी दळण एक पायरी बारीक करा. कडू आणि जीभ कोरडी करणारी लागली तर एक पायरी भरड. एका वेळी एकच गोष्ट बदला. घड्याळ फक्त इशारा देतं: सव्वातीन मिनिटं लागली पण कॉफी गोड लागतेय, तर कशालाही हात लावू नका. आंबट आणि कडू एकाच घोटात लागत असेल तर पाणी थरातल्या एखाद्या वाटेनेच वाहिलं किंवा दळण ओबडधोबड आहे. अशा वेळी बारीक-भरड करून उपयोग नाही, धार आणि ग्राइंडरच तपासावे लागतात.

हलक्या भाजणीला ९५ अंशांचं, अगदी नुकतं उकळलेलं पाणीही चालतं. गडद भाजणीला ८६ ते ९० पुरे, नाहीतर कडवटपणाच पुढे येतो. आणि सगळं नीट करूनही कॉफी सपक लागत असेल तर पाणी बदलून बघा: फार जड पाणी आंबटगोडपणा मारतं, आणि क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्यातही चव उठत नाही.

दोन कपांसाठी ३० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम घेताना दळण थोडं भरड ठेवा. थर जाड झाल्याने पाणी हळू उतरतं, त्यामुळे चार मिनिटांच्या आसपास वेळ गेला तरी घाबरू नका.